चितळाची धडक १ लाख ३८ हजारांची, न काढलेला विमा सव्वा कोटीचा

प्रश्न: माझं वय ३९. सडक अर्जुनी तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, घर गोंदियाला. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला कोहमारा-गोंदिया रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात कारसमोर चितळ आलं. ते जागेवरच मेलं, आम्ही घाबरून निघून आलो. एअरबॅग उघडल्या नाहीत, कुणाला लागलं नाही. गॅरेजचं एस्टिमेट १ लाख ३८ हजार आहे. गाडी २ वर्षं ४ महिन्यांची. विमा ३ वर्षांचा असूनही कंपनी क्लेम नाकारते. वनखातं भरपाई देईल का? ३ लाखांची एफडी मोडू, पर्सनल लोन घेऊ, की जुनी एंडोमेंट पॉलिसी (बचत आणि विमा एकत्र) सरेंडर करू, म्हणजे मुदतीआधी बंद करू? तिचा हप्ता ६२ हजार, विमा रक्कम १२ लाख, मुदत २० वर्षं, ७ हप्ते भरले आहेत. एजंट म्हणतो सरेंडर नको, तिच्यावर कर्ज काढा आणि त्यातून वर्षाला १ लाखाचा गॅरंटीड प्लॅन सुरू करा. गॅरेजवाला १४ हजारांचा लोखंडी गार्ड बसवायला सांगतो. दुकानाची १४ लाखांची सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) आहे, घर तारण आहे, सीसीचा विमा बँकेने काढलेला आहे. पत्नी ३५ वर्षांची, दोन मुलं शाळेत. घरखर्च महिना ४० ते ४५ हजार, रिटर्नमध्ये उत्पन्न साडेतीन लाख दाखवतो. हेल्थ पॉलिसी ५ लाखांची. सध्या वडिलांच्या नावावरच्या २०१७ च्या मोटरसायकलने ये-जा करतो.

उत्तर: गाडीचं आधी उरकून घेऊ, कारण तो या पत्रातला लहान विषय आहे.

कंपनी बरोबर आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा सक्तीचा आहे. शोरूममध्ये बहुतेक वेळा त्याच्या जोडीला ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, फक्त १ वर्षाचा देतात. पॉलिसीच्या कागदावर दोन तारखा छापलेल्या असतात. तुम्ही दुसरी वाचली, पहिली वाचली नाही, आणि विकणाऱ्यानेही ती बोट ठेवून दाखवली नाही. १६ महिने तुमची गाडी दुसऱ्याचं नुकसान भरून देण्यापुरतीच विमा उतरवलेली होती. झिरो डेप्रिसिएशनसह (म्हणजे भागांचा घसारा न कापता) ओन डॅमेजला वर्षाला १२ हजारांच्या आसपास पडले असते. तो असता तर या बिलातले तुमच्या खिशातून ३ ते ४ हजार गेले असते. झिरो डेप नसता तरी ४० हजारांच्या आत सुटला असतात: तिसऱ्या वर्षातल्या गाडीच्या पत्र्याला १५ टक्के, प्लास्टिकला ५० टक्के घसारा आणि वर १ हजाराची सक्तीची वजावट.

वनखात्याची भरपाई माणसाचा मृत्यू वा जखम, पाळीव जनावरं आणि पिकं यांच्यासाठी आहे. बंपर आणि हेडलॅम्प त्यात बसत नाहीत. मात्र जनावर मेल्यावर तुम्ही निघून आलात, हे नीट करून घ्या. चितळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. अपघात वेगळा आणि शिकार वेगळी, पण ते पटायला पहिली खबर धडक देणाऱ्याकडून गेलेली बरी. एखाद्या वकिलाशी बोलून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी माहिती द्या. पुढे कधी अशी वेळ आली तर गाडी पुढे बाजूला लावा, पार्किंग लाइट लावा, जखमी जनावराजवळ जाऊ नका, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. बंपरला चिकटलेले केस आणि रक्त धुण्याआधी फोटो काढा. वनरक्षकाचा पंचनामा विमा कंपनीकडेही कामाला येतो. आणि खाली पाणी गळतंय का ते बघा. रेडिएटर फुटलेला असताना 'घर दहाच किलोमीटर आहे' म्हणून गाडी हाकली, इंजिन जाम झालं, तर ते नुकसान अपघाताचं नव्हे, तुमच्या हाकण्याचं, असं म्हणून कंपनी तेवढा भाग कापते.

पैसे एफडीतून काढा. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलं तर व्याजच ३२ हजार, वर प्रोसेसिंग फी. एफडी मुदतीआधी मोडण्याचा दंड बहुधा अर्धा ते एक टक्का, म्हणजे १ लाख ३८ हजारांवर वर्षाला सातशे ते चौदाशे. मुदत दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर मोडण्याऐवजी एफडीवरच ओव्हरड्राफ्ट घ्या.

एस्टिमेटवर घासाघीस करा, पण जागा बघून. बोनेट आणि फेंडर ठोकून सरळ होत असतील तर नवे कशाला? तिथे आणि रंगात मिळून २० ते २५ हजार वाचू शकतात. रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, त्यांना धरणारी पुढची पट्टी आणि बोनेटचं लॉक यांत काटकसर नको. लॉक नीट बसलं नाही तर बोनेट हायवेवर उघडतं. पुढचा एअरबॅग सेन्सर स्कॅनर लावून तपासून घ्या.

गार्ड बसवू नका. केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना असे गार्ड काढायला लावा म्हणून कळवलं आहे. गार्डमुळे धक्का सरळ चासीला जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. त्या १४ हजारांत एका वर्षाचा ओन डॅमेज येतो आणि वर पैसे उरतात.

तो विमा घ्यायचा क्रमही पाळा. आधी दुरुस्ती, मग कंपनीची पाहणी, त्याच दिवशी स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी. खंड ९० दिवसांपेक्षा जास्त पडल्याने नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) गेला, त्याचं दुःख करू नका. 'आज पॉलिसी काढा, पुढच्या आठवड्यात धडक दाखवू' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ती फसवणूक आहे आणि पाहणीच्या फोटोत पकडली जाते.

आता न विचारलेलं. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते शेवटचं वाक्य: सध्या मोटरसायकलने ये-जा करतो. त्याच रस्त्याने, दुकान बंद करून, अंधारात. २०२३ साली याच मुरदोलीच्या पट्ट्यात कारच्या धडकेने वाघ मेला, तिथे चितळं किती आडवी जात असतील ते मी सांगायला नको. भरलेला चितळ नर ७०-८० किलोचा असतो, सांबर आणि रोही (नीलगाय) त्याच्या दुपटीहून जास्त. कारला त्याने बिल येतं. मोटरसायकलवर बिलाचा प्रश्न नंतर येतो.

समजा तसं झालं. पैसे कुठून येतील?

थर्ड पार्टी विम्यातून नाही. समोर दुसरं वाहन नाही, दोष कुणाचा धरणार? हिट अँड रनची सरकारी मदत अज्ञात वाहनासाठी आहे, चितळासाठी नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तर लागू होतो, आणि मोटरसायकल वडिलांच्या नावावर आहे. तिचा विमा चालू आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. संपला असेल तर उद्या सकाळी आधी तो काढा. पहिल्या वेळी दंड २ हजार आहे, पण एखादा पायी चालणारा धडकेत सापडला तर ट्रिब्युनल जी रक्कम ठरवेल ती तुमच्या घरातून जाईल.

सीसीचा जो विमा बँकेने काढला आहे तो बहुतेक गोदामातल्या मालाचा आहे. आग, चोरी, पूर. खताची पोती जळाली तर बँकेला पैसे मिळतील. तुम्ही गेलात तर नाही. पॉलिसीची प्रत मागा आणि विमा उतरवलेली वस्तू कोणती ते वाचा.

मग राहते ती १२ लाखांची एंडोमेंट, अधिक जमलेला ३ लाखांच्या आसपासचा बोनस. समोर १४ लाखांची सीसी आणि तारण घर. म्हणजे पॉलिसीचे पैसे आले की बँकेत गेले. पत्नीच्या हातात घर आणि एफडी राहील, महिन्याचे ४० हजार कुठून येणार त्याला उत्तर नाही. दुकान चालवता येईल म्हणाल, तर खत-औषधांचा परवाना तुमच्या नावावर. धान निघाल्यावर फिटणारी उधारी, तिचा निम्मा हिशोब तुमच्या डोक्यात असणार. माणूस गेल्यावर अशी उधारी वसूल होत नाही, हे कृषी केंद्रवाल्याला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. वहीत प्रत्येक नावापुढे रक्कम, तारीख आणि सही घ्या, आणि ती वही कुठे आहे ते घरात माहीत असू द्या.

गरज किती, ते पाहू. तुमचा स्वतःचा खर्च वजा करून घराला महिना ३५ हजार, वर्षाला ४ लाख २० हजार. २५ वर्षांचे १ कोटी ५ लाख. महागाई आणि व्याज एकमेकांना कापतात असं धरलं. मुलांच्या शिक्षणाचे २० लाख. सव्वा कोटी. सीसी यात धरलेली नाही, ती जुन्या एंडोमेंटने फिटू द्या.

सव्वा कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) तुम्हाला आज मिळणार नाही, आणि ती दुसरी चूक आहे. तुमच्या वयाला कंपन्या दाखवलेल्या उत्पन्नाच्या साधारण २० पट देतात. साडेतीन लाखांचे ७० लाख. महिना ४० हजारांवर खर्च करणारा माणूस साडेतीन लाखांचं रिटर्न भरतो तेव्हा तो थोडा कर वाचवतो आणि ५५ लाखांचा विमा गमावतो. आत्ता ७० लाखांचा घ्या, वयाच्या ६० पर्यंत. खरं रिटर्न भरायला लागा, दोन वर्षांनी उरलेला वाढवा.

अर्ज भरताना दोन गोष्टी. एक, तुम्ही खर्रा खात असाल तर तंबाखूच्या रकान्यात 'होय' लिहा. आपल्या भागात 'सिगारेट नाही, खर्राच खातो' म्हणून लोक 'नाही' लिहितात आणि एजंट मान डोलावतो. हप्ता दीडपट होईल, १४ हजारांचा २१ हजार. होऊ द्या. पहिल्या ३ वर्षांत काही झालं आणि लपवलेलं सापडलं तर क्लेम अडकतो, आणि तुमचा रस्ता ३ वर्षं थांबणार नाही. दोन, पॉलिसी विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्या, लाभार्थी पत्नी आणि मुलं. त्या पैशांवर मग बँकेचा वा इतर देणेकऱ्यांचा हात पडत नाही. हे घेतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही.

टर्म विमा मरणावर पैसे देतो. मांडीचं हाड मोडून चार महिने घरी बसलात तर देत नाही, आणि मोटरसायकलवर त्याचीच शक्यता जास्त. त्यासाठी २५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, तात्पुरत्या अपंगत्वाच्या साप्ताहिक भरपाईसह, वर्षाला ४ हजारांच्या आसपास. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा बीमा २० रुपयांत २ लाखांचा आहे, तोही घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका.

आता एजंटसाहेबांचा गॅरंटीड प्लॅन. तुम्ही जोडलेल्या पत्रकात १० वर्षं १ लाख भरायचे आणि बाराव्या वर्षाच्या शेवटापासून १० वर्षं १ लाख ७० हजार घ्यायचे आहेत. लाल अक्षरात '७० टक्के जास्त'. प्रत्येक लाख बारा वर्षांनी १ लाख ७० हजार होऊन येतो, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. तुमची एफडी याहून जास्त देते. आणि हे पैसे उभे करायला ९-१० टक्क्यांनी पॉलिसीवर कर्ज! नऊने उचलून साडेचारने लावायचे, मधलं कमिशन त्याचं. या माणसाला चहा पाजा, सही देऊ नका.

सरेंडर करू नका, इतकं मात्र तो बरोबर बोलला, कारण चुकीचं असलं तरी. ४ लाख ३४ हजार भरून आज अडीच लाखांच्या आसपास हातात येतील. पूर्ण २० वर्षांचा हिशोब केला तर ही पॉलिसी ५ टक्क्यांच्या थोडं वर देते, म्हणजे घ्यायलाच नको होती. पण तोट्याची वर्षं तुम्ही भोगून झालात. बोनसचा दर असाच राहिला आणि शेवटी २२ लाख मिळाले, तर आजचे अडीच लाख आणि पुढचे १३ हप्ते यांवर ८ टक्क्यांच्या आसपास पडतं. शिवाय सीसीला आधार. चालू ठेवा.

रस्त्याबद्दल थोडं, कारण कोणताही हप्ता भरण्यापेक्षा ते स्वस्त आहे. ८० च्या वेगाला थांबायला ६५-७० मीटर लागतात, डिपरचा उजेड ४०-५० मीटर पोहोचतो. ५० ला ३५ मीटर पुरतात. मोटरसायकलला त्याहून कमी वेग ठेवा. मुरदोलीचा पट्टा १० किलोमीटर धरला, तर ७० ऐवजी ४० ने जाण्यात सहा-सात मिनिटं जातात. चितळ एकटं नसतं. एक पार झालं की वेग वाढवू नका, मागचं निघायचं असतं. डोळे चमकले की लाइट डिपरवर घ्या, हॉर्न वाजवा, सरळ रेषेत ब्रेक दाबा. स्टिअरिंग फिरवू नका, चितळाला चुकवायला गेलेली गाडी झाडावर वा समोरच्या ट्रकवर जाते. हंगाम नसेल तेव्हा दुकान साडेसहाला बंद करता आलं तर करा, आणि कार येईपर्यंत बस धरा.

वर्षाचा आकडा: टर्म खर्रा धरून २१ हजार, अपघात विमा ४ हजार, कारचा ओन डॅमेज १२ हजार, मोटरसायकलचा विमा दीड हजार. ३९ हजारांच्या आत. एजंटच्या प्लॅनला वर्षाला लागला असता तेवढा १ लाख कर्ज न काढता बाजूला काढता आला, तर त्यातले ६१ हजार उरतात. ते एफडीत घाला, मोडलेले १ लाख ३८ हजार सव्वादोन वर्षांत भरून निघतील. तुमच्याकडे पैसा धान विकल्यावर येतो. म्हणून दरवर्षीच्या हप्त्यांचे पैसे जानेवारीतच बाजूला काढून ठेवा. पहिला हप्ता मात्र याच महिन्यात, एफडीतून.