छापखान्यातले जुने ब्लॉक आणि मुदत ठेव

फोंड्याचे एक निवृत्त शिक्षक विचारतात: म्हापशातील एका बंद छापखान्याचे मालक वर्तमानपत्रांत चित्रे छापण्याचे जुने १८० ब्लॉक (ठसे) आणि एक कोरीव वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा, असा ऐवज ४ लाखांना देऊ करत आहेत, ९ लाखांच्या मुदत ठेवीतून ही रक्कम काढावी काय? निवृत्तिवेतनात घरखर्च भागतो, मात्र दुसरी शिल्लक नाही आणि घरी अजून सांगितलेले नाही, असेही ते लिहितात.

सर, आपण पाठवलेले छायाचित्र मी भिंग लावून पाहिले. फूल आणि दोन पाने ही गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची चिन्हे, जस्ताच्या पत्र्यावर उलटी उठवलेली आणि लाकडी ठोकळ्यावर बारीक खिळ्यांनी ठोकलेली. असा ब्लॉक हातातून खाली ठेवणे कोणाही गोमंतकीयाला जड जाईल. तरीही सगळा ऐवज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते ४ लाख सात टक्के व्याजाने दहा वर्षे राहिले, तर कर न धरता सुमारे ७ लाख ८७ हजार होतात. तेवढेच परत यायचे, तर दहा वर्षांनी प्रत्येक ब्लॉकला सरासरी ४,४०० रुपये देणारे गिऱ्हाईक मिळावे लागेल. सोन्यासारखा रोजचा भाव या वस्तूंना नाही, आणि दुखण्याखुपण्याला पैसे लागले तर आठवड्याभरात गिऱ्हाईक सापडणार नाही. ब्लॉकवरून चित्रे छापून विकण्याचा आपला विचारही तपासून पाहावा, कारण ठोकळा विकत घेतला म्हणून छायाचित्राचा हक्क मिळत नाही. तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो.

वीरगळ तर नकोच. शंभर वर्षांहून जुन्या पाषाणशिल्पाला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. नोंदणीचे प्रमाणपत्र नसेल, तर ती फुकट मिळाली तरी घरात आणू नये. ब्लॉक एवढे जुने नसल्याने तो प्रश्न त्यांच्याबाबत येत नाही.

आपला विवाह गोव्याच्या नागरी कायद्याखाली, वेगळा करार न करता झाला असेल, तर ठेव आपल्या एकट्याच्या नावावर असली तरी तिच्यात पत्नीचा निम्मा वाटा आहे. त्यामुळे बाईंना विचारल्याशिवाय एक रुपयाही काढू नये. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते.

दोघांचे एकमत झाले, तर ४० हजारांपर्यंत खर्च करावा आणि तो गुंतवणूक न समजता हौसेचा खर्च समजावा. तेवढ्यात पंधरा-वीस निवडक ब्लॉक येतील. निवडताना ब्लॉक कोणत्या अंकात छापला गेला, हे पाहावे. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुने अंक चाळून जुळणी करता येते, आणि अंकाची तारीख सापडलेला एक ब्लॉक मला दहा बेवारशी ठोकळ्यांहून मोलाचा वाटतो. लाकूड मागून टोकरून वाळवी पाहावी, जस्तावर पांढरी भुकटी धरली असेल तर तो सोडून द्यावा, आणि कोणत्या ब्लॉकचे किती पैसे दिले, हे लिहिलेली सहीची पावती घ्यावी. जनमत कौलाचा ब्लॉक मात्र पहिल्याच फेरीत बाजूला काढून ठेवायला सांगा.