नाव द्यायला हरकत नाही, सही मात्र थांबव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं तुझं पहिलं वर्ष संपत आलं. कोचला तू हवा आहेस, एजंटांचे फोन थांबत नाहीत आणि घरचे म्हणतात, आधी डिग्री पुरी कर. या सगळ्याचा तू 'कॉलेज की प्रो' असा एकच भलामोठा प्रश्न करून ठेवला आहेस. तो तसा सुटणार नाही. पुढच्या तीन महिन्यांत तुला सात-आठ लहान निर्णय घ्यायचे आहेत. त्यातले बरेचसे मागे घेता येतात, दोन-तीन येत नाहीत. मागे न येणारे कोणते, एवढं आधी पक्कं कर.

ड्राफ्टला, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या निवडीला, नाव देणं हे मागे घेता येण्यासारखं आहे. तू पात्र आहेस: ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात १९ पूर्ण आणि शाळेची बॅच बाहेर पडून एनबीएचा किमान एक हंगाम उलटलेला, या दोन्ही अटी तू पूर्ण करतोस. (ही अट २००५ च्या करारात आली आणि २००६ च्या ड्राफ्टपासून लागू झाली.) एक गैरसमज मात्र काढून टाक. पासपोर्ट भारतीय असला तरी ड्राफ्टच्या नियमात तू 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' नाहीस. अमेरिकेत हायस्कूल पूर्ण केलं किंवा तिथल्या कॉलेजात नाव घातलं की ती वर्गवारी संपते. बाविसाव्या वर्षी आपोआप पात्र होण्याची सोय त्या वर्गवारीला आहे, तुला नाही.

आता तारखा. नाव द्यायची मुदत ड्राफ्टच्या ६० दिवस आधी संपते. २०२५ मध्ये ती २६ एप्रिल होती. शिकागोचा कम्बाइन (ड्राफ्टआधीची सामायिक चाचणी) ११ ते १८ मे, एनसीएएसाठी (कॉलेज खेळांची नियामक संस्था) नाव मागे घ्यायची शेवटची रात्र २८ मे, एनबीएची स्वतःची मुदत १५ जून आणि ड्राफ्ट २५-२६ जून. मुलं फसतात ती या दोन मुदतींमुळे. एनबीए १५ जूनपर्यंत थांबायला तयार असते म्हणून कॉलेजही थांबेल असं त्यांना वाटतं. तुझ्यासाठी एनसीएएची तारीख हीच खरी तारीख. ती टळली की कॉलेजचं दार बंद झालं असं धरून चाल. शिवाय एनबीए कुणालाही दोनदाच नाव मागे घेऊ देते, तेव्हा गंमत म्हणून दरवर्षी नाव द्यायचा हा प्रकार नव्हे.

नाव देण्याआधी कॉलेजमार्फत एनबीएच्या अंडरग्रॅज्युएट सल्लागार समितीकडे मूल्यांकन माग. उत्तर चार प्रकारांत येतं: लॉटरी (पहिल्या फेरीतले अगदी वरचे क्रमांक), पहिली फेरी, दुसरी फेरी, निवड संभवत नाही. हा अर्ज एजंटच्या बाबतीतही कामाचा आहे. मूल्यांकन मागितलं असेल तरच एनसीएएने प्रमाणित केलेला एजंट या काळात घेता येतो. करार लेखी हवा, कॉलेजला कळवलेला हवा आणि तू परत कॉलेजात आलास की तो संपला पाहिजे. एजंट निवडीच्या काळातल्या जेवणखाणाचा आणि प्रवासाचा खर्च त्याने केला तर चालतं. 'ॲडव्हान्स' म्हणून खात्यात पैसे टाकले तर चालत नाही, आणि तुला सगळ्यात जास्त आमिष त्याचंच दाखवलं जाईल. एनबीए करारावर एजंटची फी जास्तीत जास्त ४ टक्के असते. त्याहून जास्त बोलणाऱ्याशी पुढे बोलायची गरज नाही.

पैशाचं गणित फेरीनिहाय बघ, कारण 'ड्राफ्ट झालो' या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी लपतात. पहिल्या फेरीतल्या ३० जणांचा करार ठरलेल्या श्रेणीचा असतो: चार वर्षं, त्यातली पहिली दोन हमीची, पुढची दोन संघाच्या मर्जीची. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही. हक्क राखायला संघाने किमान पगाराचा, बिनहमीचा एक वर्षाचा देकार दिला तरी पुरतं. त्याखाली टू-वे करार, म्हणजे एनबीए संघ आणि त्याचा जी लीगमधला (एनबीएच्या दुय्यम लीगमधला) संघ अशा दोन्हीकडे खेळायचा. प्रत्येक संघाकडे अशा तीन जागा, एनबीएच्या जास्तीत जास्त ५० सामन्यांत हजेरी आणि पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा, २०२५-२६ मध्ये ६ लाख ३६ हजार डॉलरच्या आसपास. त्याही खाली एक्झिबिट १०: सराव शिबिराचं बोलावणं, मग संघाने सोडायचं आणि त्यांच्याच जी लीग संघात ६० दिवस टिकलास तर बोनस मिळायचा. जी लीगचा साधा पगार २०२४-२५ मध्ये हंगामाला ४३ हजार डॉलर होता. अमेरिकेत भाडं भरून यात काय उरतं ते तुला ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूला कॉलेजचा पैसा गेल्या पाच वर्षांत पार बदलला. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमावता येतं. कॉलेज खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड जून २०२५ मध्ये मंजूर झाल्यावर कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षीची कमाल मर्यादा सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर प्रति कॉलेज. अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या कॉलेजांत यातले साधारण १५ टक्के पुरुष बास्केटबॉलला देण्याचा हिशोब बोलला जातो. म्हणजे तीसेक लाख, १५ जणांत. सरासरी दोन लाख पडते, पण वाटप सरासरीने होत नसतं: पहिल्या पाचांना भरभरून, बाराव्याला नावापुरतं. म्हणूनच २०२१ मध्ये आपोआप पात्र होण्याआधी ड्राफ्टला नाव देणारे साडेतीनशेच्या वर होते, ते २०२५ मध्ये १०६ वर आले. दुसऱ्या फेरीच्या काठावरचा मुलगा आता कॉलेजातच थांबतो. यॅक्सेल लेंडेबोर्ग २०२५ ला कम्बाइनपर्यंत गेला, नाव मागे घेतलं आणि बर्मिंगहॅमच्या यूएबी या कॉलेजातून मिशिगनच्या कॉलेजात आला.

पण हे गणित तुला जसंच्या तसं लागू नाही, कारण तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस. तुझ्या पत्रात याचा उल्लेखही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एफ-१ वर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. जाहिरात करणं, सही करून वस्तू विकणं, शिबिरात शिकवणं, हे सगळं अमेरिकेच्या भूमीवर केलंस तर ते 'काम' ठरू शकतं आणि व्हिसाच धोक्यात येतो. काँगोच्या ऑस्कर शिब्वेने २०२२ मध्ये त्याचा केंटकी कॉलेजचा संघ बहामासला गेला तेव्हा तिथे आपली जाहिरातीची कामं उरकली, ती याचमुळे. झॅक ईडी हा पर्ड्यू कॉलेजचा कॅनेडियन सेंटर. त्याने २०२३ ला ड्राफ्टला नाव दिलं, मागे घेतलं, परत येऊन सलग दुसऱ्यांदा अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला आणि २०२४ ला नवव्या क्रमांकावर एनबीएच्या मेम्फिस संघाकडे गेला. त्या सगळ्या काळात अमेरिकन सहकाऱ्यांसारखी कमाई त्याला मोकळेपणाने करता आली नाही. कॉलेज थेट देतं तो वाटा एफ-१ वर घ्यावा का, यावर वेगवेगळी कॉलेजं वेगवेगळं वागतात. कोचचा शब्द इथे कामाचा नाही. इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घे, आणि वकील कॉलेजचा नको, तुझा हवा.

आणि हे नीट वाच. मे महिन्यात एजंट म्हणेल, 'वर्ग सोड, लॉस एंजेलिसला ये, सहा आठवडे तयारी करू.' अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला एफ-१ वर ६० दिवस मिळतात. परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची, म्हणजे डीएसओची, संमती घेऊन मध्येच सोडलंस तर १५ दिवस. न सांगता गेलास तर शून्य. निवड झाली तर संघ तुझ्या खेळाडू-व्हिसाची व्यवस्था बघेल. नाही झाली तर बघणारं कुणी नसतं, आणि पुढच्या चाचणीऐवजी तू मुंबईच्या विमानात असशील. सत्र पुरं कर, परीक्षा दे. कॉलेजात परत यायचं असेल तर पुढच्या सत्राची पात्रताही याच गुणांवर ठरते.

खेळाबद्दल फक्त एक. तू सहा फूट दहा इंचांचा सेंटर आहेस आणि तुझे ब्लॉक बास्केटखाली उभं राहून येतात. कॉलेजात ते चालतं, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांतही चालतं. एनबीएत बचावाला तीन सेकंदांचा नियम आहे: कुणालाही गार्ड करत नसताना रंगवलेल्या चौकटीत थांबता येत नाही. मग तुला पिक अँड रोलवर (सहकाऱ्याने वाट अडवून चेंडूवाल्याला मोकळं करायची चाल) बाहेर येऊन चपळ गार्डसमोर सरकावं लागतं, आणि तीन पॉइंटची रेषाही कॉलेजच्या २२ फूट पावणेदोन इंचांवरून २३ फूट ९ इंचांवर जाते. संघांच्या चाचण्यांत हेच बघतील. उंची बूट काढून मोजतात, त्यामुळे वेबसाइटवरचा एक इंच तिथे जाणार हे गृहीत धर. चाचणी झाली की 'मी आवडलो का' असं विचारू नकोस. 'कुठल्या दोन गोष्टी जमल्या तर पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत घ्याल' असं विचार, आणि तीन वेगळ्या संघांनी एकच गोष्ट सांगितली तर तीच धर.

पोर्टलबद्दल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांनी नाव नोंदवायच्या यादीबद्दल, सावध राहा. २०२६ पासून पुरुष बास्केटबॉलची बदलीची खिडकी अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी उघडते आणि १५ दिवसांत मिटते, म्हणजे ड्राफ्टबद्दल खरं काही कळायच्या आत. पोर्टल आणि ड्राफ्ट दोन्हीकडे एकाच वेळी नाव देता येतं. पण पोर्टलमध्ये गेलास की आत्ताच्या कॉलेजवर सत्रानंतर तुझी शिष्यवृत्ती चालू ठेवायचं बंधन राहत नाही. मेअखेर ड्राफ्टमधून परतशील आणि जागा भरलेली असेल. एकाच कोचवर विश्वास असेल तर पोर्टलच्या वाटेला जाऊच नकोस.

परदेशातली लीग हा पर्याय मी खोडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या लीगमधून लामेलो बॉल इलावारा संघातून २०२० च्या ड्राफ्टला तिसरा आला, जोश गिडी ॲडलेडमधून २०२१ ला सहावा. पण ते आधीच लॉटरीत धरलेले होते. तुझ्यासाठी ही वाट म्हणजे नोकरी आहे आणि ती नोकरी म्हणूनच तपास: एनबीएचा देकार आला तर किती रक्कम भरून सुटता येईल, पगार उशिरा झाला तर किती दिवसांनी करार मोडता येईल, वाद फिबाच्या लवादाकडे जाईल असं कलम आहे का. हे कलम नसेल तर थकलेला पगार मागायला तुला त्या देशाच्या कोर्टात उभं राहावं लागेल.

सतनाम सिंग आणि प्रिन्सपाल सिंग या भारतीय खेळाडूंची उदाहरणं तुला घरून ऐकवली जातील. सतनाम कॉलेज न करता २०१५ ला ५२ वा निवडला गेला आणि एनबीएचा एकही सामना खेळला नाही. प्रिन्सपाल जी लीग इग्नाइट या, कॉलेजऐवजी ड्राफ्टची तयारी करू पाहणाऱ्यांसाठीच्या संघातून गेला. तो संघ २०२४ मध्ये बंदच झाला, त्यामुळे ती वाट आज नाही.

धाकट्याविषयी विचारलं आहेस. तो अकरावीत आहे आणि इथल्या एका व्यावसायिक लीगचा देकार आला आहे. एनसीएए पात्रता केंद्र १६ मुख्य विषय मोजतं आणि डिव्हिजन वनला (कॉलेज खेळांची सर्वांत वरची श्रेणी) ४ पैकी २.३ ची सरासरी मागतं. मोजणी नववीपासून होते, तेव्हा नववीची गुणपत्रिका फेकली नाही ना ते आईला विचार. बारावीनंतर 'एक वर्ष बघू' म्हणून इथे एफवायला पूर्णवेळ प्रवेश घेतला की चार हंगामांसाठीचं पाच वर्षांचं घड्याळ तिथेच सुरू होतं. आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेज त्यात धरत नाहीत, डिग्री कॉलेज धरतात. बारावीनंतर वर्षभराच्या वर संघटित स्पर्धा खेळत राहिला तर हंगाम कापले जातात. लीगमध्ये खेळलाच तर प्रवास, राहणं आणि जेवण या खऱ्या खर्चापलीकडे काही घेऊ नये आणि प्रत्येक पावती जपावी. २०२५ मध्ये जी लीगचे काही माजी खेळाडू कॉलेजांत पात्र ठरले हे खरं, बेलर या कॉलेजने तर ड्राफ्ट झालेला जेम्स नाजी घेतला. पण त्याने एनबीएच्या करारावर सही केलेली नव्हती, आणि अशी प्रकरणं एकेक करून तपासली जातात. धाकट्याने त्यांच्या भरवशावर सही करू नये.

तू या आठवड्यात दोन कामं कर: कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन पाहणाऱ्या) ऑफिसातून सल्लागार समितीचा अर्ज भर आणि डीएसओची वेळ घे. एजंटांना सांग, मूल्यांकन हातात आल्याशिवाय भेट नाही. करारांचे मसुदे मला पाठव, सही न करता.

तुझा,
काका