झोक्यावर नेमके काय घडते?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज आला की तो कानांवर हात ठेवून पळ काढतो, कपड्यांच्या लेबलांवरून रोज सकाळी रडारड होते आणि नखे कापणे हे आमच्या घरात दोन माणसांचे काम होऊन बसले आहे. एरवी मात्र तो दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतो, आमच्या अंगावर येऊन आदळतो आणि खरचटले तरी पुष्कळदा त्याला कळतही नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने, आठवड्यातून दोनदा सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी (संवेदनांची सांगड घालण्याचा उपचार) सुचवली आहे. आम्ही पाहिले तेव्हा तो झोक्यावर पालथा पडून चेंडू फेकत होता. माझ्या सासऱ्यांचे म्हणणे असे की, एवढे तर बागेतही होते. या उपचाराला शास्त्रीय आधार आहे का, आणि तो किती काळ चालू ठेवावा?

उत्तर : आपल्या सासऱ्यांची शंका रास्त आहे. ती थेरपिस्टलाही अवश्य विचारावी. तिचे उत्तर साध्या शब्दांत देता येणे हा थेरपिस्टच्या कामाचाच भाग आहे.

ही पद्धत ए. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९६० आणि १९७० च्या दशकांत विकसित केली. पंचेंद्रियांबरोबरच आणखी दोन संवेदनांकडे त्यांनी विशेष लक्ष वेधले. आतल्या कानातील वेस्टिब्युलर यंत्रणा तोल आणि हालचाल टिपते. स्नायू व सांधे शरीराच्या स्थितीची बातमी मेंदूला देतात, तिला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळते, ते हिच्यामुळे. या साऱ्या संवेदनांची मेंदूत नीट सांगड बसली नाही, तर मूल काही बाबतीत अतिसंवेदनशील होते आणि काही बाबतीत जोरदार संवेदना स्वतःहून शोधत फिरते, अशी एअर्स यांची मांडणी होती. लेबल सहन न होणारे मूल सोफ्यावरून उड्या का मारते, या कोड्याचा उलगडा त्या मांडणीत असा होतो.

आता झोका. पालथे पडून मान वर धरायची, हलत्या झोक्यावरून नेम साधायचा आणि योग्य क्षणी चेंडू सोडायचा, यात तोल, स्नायू आणि दृष्टी यांना एकाच वेळी जुळवून घ्यावे लागते. थेरपिस्ट झोक्याची गती किंवा चेंडू ज्या टोपलीत टाकायचा तिचे अंतर असे बदलत राहतो की काम मुलाला जेमतेम जमेल, पण सहज जमणार नाही. बागेत हे घडू शकते, मात्र तिथे ते योगायोगावर अवलंबून असते. उलट, थेरपीच्या खोलीत मुलाला झोक्यावर बसवून कोणी नुसतेच ढकलत असेल, तर त्याला संवेदना मिळते, थेरपी मिळत नाही. तिथे मात्र मी सासऱ्यांच्याच बाजूने उभी राहीन.

शास्त्रीय आधाराबाबत चित्र संमिश्र आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या एका चाचणीत, ३० सत्रांनंतर, प्रत्येक मुलासाठी आधी ठरवलेली दैनंदिन उद्दिष्टे थेरपी घेणाऱ्या गटाने अधिक चांगली गाठली. २०२२ मधील ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ४ ते ११ वर्षांची १३८ स्वमग्न मुले होती. तिथे चिडचिड आणि अस्वस्थता यांवर नेहमीच्या सेवेपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. दोन्ही चाचण्यांनी मोजलेली गोष्ट वेगळी होती, हे ध्यानात घ्यावे. माझा निष्कर्ष असा की, या उपचाराने मुलाचा स्वभाव शांत होईल ही अपेक्षा ठेवू नये. एखादे नेमके काम सोपे होईल का, एवढेच पाहावे. शिवाय आपल्या पत्रात स्वमग्नतेचा उल्लेख नाही, त्यामुळे हे निष्कर्ष आपल्या मुलाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितले होते की, संवेदनांची अडचण हे स्वतंत्र निदान म्हणून सहसा देऊ नये आणि थेरपीचा उपयोग होतो की नाही हे ठरावीक मुदतीत तपासावे. मुलाची श्रवणचाचणी आणि विकासाची तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी.

मुदत ठरवताना ‘संवेदना सुधारणे’ असे उद्दिष्ट मुळीच स्वीकारू नये. सध्या नखे कापताना दोघांना धरावे लागते. दहा आठवड्यांनी एकाच माणसाच्या मांडीवर बसून एका हाताची नखे कापून घेता यावीत, असे काहीतरी मोजता येण्याजोगे लिहून घ्यावे. अशी दोन-तीन उद्दिष्टे पुरेत. दहा-बारा आठवड्यांत त्यांपैकी एकही हलले नाही, तर उपचाराची दिशा बदलावी किंवा तो थांबवावा.

दरम्यान लेबले कापून टाकायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. हलक्या, निसटत्या स्पर्शापेक्षा दाब देऊन केलेला स्पर्श अशा पुष्कळ मुलांना सुसह्य वाटतो, म्हणून नखे आंघोळीनंतर, मऊ असताना, प्रत्येक बोट आधी घट्ट दाबून कापून पाहावीत. किती बोटांनंतर थांबायचे हे त्यालाच ठरवू द्यावे.

प्रश्न : वजनदार जाकीट आणि अंगावर फिरवायचा ब्रश घरी घेऊन ठेवावा का?

उत्तर : माझ्या मते, नाही. वजनदार जाकिटाने एकाग्रता किंवा वर्तन सुधारते याला भक्कम पुरावा मिळालेला नाही आणि ब्रशची स्थितीही फारशी वेगळी नाही. घरात तान्हे बाळ असेल, तर वजनदार पांघरूण त्याच्या अंगावर कधीही घालू नये. तो सरळसरळ धोका आहे. दाबाची ओढ असलेल्या मुलाला जड पिशवी उचलून नेणे, गादी ढकलणे किंवा भिंतीला रेटा देणे अशी कामे द्यावीत. त्यांत स्नायूंना काम मिळते आणि मूल स्वतः काहीतरी करत असते.