कमी मळलेली वाट नेमकी कुठली?

‘चुकीचं निवडलं आणि जन्मभर पस्तावा झाला तर, मॅडम?’ समुपदेशनासाठी आलेल्या मुलानं बसता बसताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 26, मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात नोकरी पक्की. इकडं उद्यमनगरात वडिलांची छोटी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. होकार कळवायला आठ दिवस उरलेले आणि धड झोप लागून तीन आठवडे झालेले.

मोबाईलच्या वॉलपेपरवर एक ओळ होती, कमी मळलेली वाट धरली आणि त्यानंच सगळा फरक पडला अशा अर्थाची. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची, 1915 साली छापून आलेल्या ‘द रोड नॉट टेकन’ या कवितेतली. ‘आता यातली कमी मळलेली कुठली, तेच कळंना,’ तो म्हणाला. पुण्याला निम्मी बॅच गेलेली, आणि फौंड्री तर आजोबांपासूनची.

मी अख्खी कविता वाचायला दिली. (ही ओळ भिंतीवर लावणारे मधली कडवी वाचत नाहीत, हा माझा जुना राग.) तिथं कवी साफ सांगतो की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या होत्या. फरक पडला, हे तो कित्येक वर्षांनी उसासा टाकत सांगणार आहे.

‘म्हणजे हा नंतर थाप मारणार?’ तो पहिल्यांदाच हसला.

मग एडवर्ड थॉमसचं सांगितलं. फ्रॉस्टचा हा मित्र फिरायला गेला की कुठलीही वाट धरो, दुसरी धरायला हवी होती म्हणून हळहळायचा. ही कविता म्हणजे फ्रॉस्टनं केलेली त्याची थट्टा. थॉमस त्याच वर्षी सैन्यात भरती झाला आणि 1917 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या आरासच्या लढाईत मारला गेला, ते मी त्या दिवशी मुद्दाम गाळलं.

‘पन्नाशीत कशाबद्दल हळहळशील? दोन्ही बाजूंनी लिहून आण,’ म्हटलं. पुणं हुकल्याची हळहळ चार ओळींत संपली; फौंड्री सोडल्याची दीड पान. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. माझी घाई. त्या दीड पानात भट्टी नव्हती, ओतकाम नव्हतं. पप्पा एकटे पडतील, एवढंच फिरून फिरून आलेलं.

‘पप्पांना विचारलंस?’

नव्हतं विचारलं.

त्या रात्री जेवताना विचारलं. ‘तीन आठवडं आधी बोलला असतास तर झोपला तरी असतास,’ पप्पा म्हणाले आणि भाकरी मोडत राहिले.

तो पुण्याला गेला. परवा फोन आला, फौंड्रीची आठवण येते म्हणाला.

‘उसासा?’

‘येतो की, मॅडम. पण झोप बी लागतीय.’