वर्डच्या फाइलमधले फोटो इनडिझाइनमध्ये नेताना

भाऊ, तुमची अडचण वाचली. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या निवृत्त गुरुजींनी गावाचा इतिहास लिहिलाय. मामा (माजी मालगुजारी) तलाव, दंडार हे लोकनाट्य, दिवाळीनंतर भरणारी मंडई म्हणजे गावची जत्रा, जुनी माणसं, सगळं त्यात आहे. मजकूर वर्डमध्ये टाइप झालाय आणि फोटोही तिथेच जागच्या जागी चिकटवलेत. ती फाइल पुस्तकाची पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये प्लेस केली, म्हणजे आत आणली, की फोटो फुटतात, मजकूर मधेच थांबतो, आणि पुस्तक तर यंदाच्या मंडईच्या आत हवंय.

माझं मत स्पष्ट आहे. वर्डच्या फाइलमधला फोटो छापायला घ्यायचा नाही. कोणता फोटो कुठे बसतो, एवढंच त्या फाइलला विचारायचं. फोटो मुळातून गोळा करायचे आणि मूळ मिळालाच नाही तरच वर्डमधून काढायचा.

फोटो का फुटतात ते आधी बघा. वर्डमध्ये सेव्ह करताना चित्रं आपोआप दाबली जातात. बऱ्याच आवृत्त्यांमध्ये ही मर्यादा २२० पीपीआय, म्हणजे इंचाला २२० पिक्सेल असते, आणि ती लागते पानावर फोटो जेवढा दिसतो त्या मापाला. गुरुजींच्या टायपिस्टने तलावाच्या पाळीचा फोटो जागा वाचवायला २ इंच रुंद केला असेल, तर सेव्ह झाल्यावर त्यात ४४० पिक्सेल उरतात. तुमचं पुस्तक डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), मजकुराची रुंदी साधारण सव्वाचार इंच. तोच फोटो तुम्ही पूर्ण रुंदीत ओढला की हिशेब १०३ पीपीआयवर येतो. छपाईला ३०० लागतात. म्हणजे दोष इनडिझाइनचा नाही, फोटो आधीच गेलेला असतो. पुढे कोणी वर्डमध्येच काम करणार असेल, तर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड विभागात इमेज साइझ अँड क्वालिटीखाली फोटो न दाबण्याची खूण असते. पहिला फोटो टाकण्याआधीच ती करायला सांगा, नंतर करून गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

मजकूर थांबण्याचं कारण वेगळं आहे. प्लेस करताना इंपोर्ट ऑप्शन्समध्ये इनलाइन ग्राफिक्स आणण्याची खूण राहिली, की प्रत्येक फोटो मजकुराच्या ओळीत एखाद्या अक्षरासारखा येऊन बसतो. तो फ्रेमपेक्षा मोठा असला की मावत नाही आणि त्याच्यामागचा सगळा मजकूर अडतो. फ्रेमच्या कोपऱ्यात लाल अधिक चिन्ह दिसतं ते हेच. मावला तरी लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, ठरावीक आकड्याचं असेल तर वरच्या ओळींवर चढतो. शिवाय असे फोटो इनडिझाइनच्या फाइलमध्येच जडलेले राहतात. फाइल जड होते आणि एडिट ओरिजिनल करून फोटोशॉपमध्ये दुरुस्तीही करता येत नाही. म्हणून ती खूण काढूनच मजकूर आणा.

पण खूण काढण्याआधी फोटोंच्या जागा पक्क्या करून घ्या, या कामाचा जीव इथे आहे. वर्डच्या फाइलची प्रत करा, मूळ फाइलला हात लावू नका. प्रतीत जे फोटो मजकुराच्या आजूबाजूला तरंगते ठेवलेत, त्यांचं रॅपिंग बदलून ते ओळीत आणा. फोटोओळी टेक्स्ट बॉक्समध्ये टाइप केल्या असतील तर त्याही बाहेर काढून फोटोखाली साध्या परिच्छेदात ठेवा, नाहीतर त्या कुठल्या कुठे जाऊन पडतात. या अवस्थेतली एक पीडीएफ काढून ठेवा. कोणता फोटो कुठला हे पुढे तिच्यावरूनच जुळवायचं आहे.

आता फाइंड अँड रिप्लेस उघडा. शोधायच्या चौकटीत कॅरेट चिन्ह (^) आणि त्याला लागून इंग्रजी लहान जी (g) टाका. ओळीत बसवलेलं चित्र शोधायची वर्डची ही खूण आहे. बदलायच्या चौकटीत दोन हॅश, ‘फोटो’ हा शब्द आणि पुन्हा दोन हॅश असं काहीतरी ठेवा. सगळे फोटो निघून त्यांच्या जागी खुणा राहतात. मग पीडीएफ शेजारी उघडून प्रत्येक खुणेला क्रमांक द्या, प्रकरण ३ मधला पाचवा फोटो असेल तर ०३-०५. फोटोच्या फाइलचं नावही तेच ठेवा. नावात मराठी अक्षरं नकोत. जुन्या संगणकावर गेल्यावर त्यांचे कधी कधी चौकोन होतात.

मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर एक काळजी घ्या. तो युनिकोडमध्ये आणणाऱ्या कन्व्हर्टरमधून गेल्यावर चित्रं राहत नाहीत, म्हणून खुणा आधीच टाकलेल्या हव्यात. त्या त्याच मराठी फॉन्टमध्ये टाइप करा. इंग्रजीत टाइप केल्या तर कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून भलतंच करून ठेवतो.

आता फोटो गोळा करणं. गुरुजींच्या घरी स्वतः जा, फोनवर मागवू नका. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा असतो. डेमीच्या पूर्ण रुंदीला १२७५ लागतात, म्हणजे आडवा फोटो चालतो, पण कापायचा म्हटलं तर फारसं काही उरत नाही. ज्याने मोबाइलवर काढलाय त्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग दाबला जात नाही. जुने कागदी फोटो मोबाइलने परत काढू नका, चकाकी येते आणि कडा वाकतात. ते स्कॅनरवरच घ्या. पासपोर्ट आकाराचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर दुप्पट मापात ३०० पीपीआयने छापता येतो. गावातल्या जुन्या माणसांचे बहुतेक फोटो याच आकाराचे सापडतात, आणि घरच्यांकडे तेवढी एकच प्रत असते. म्हणून स्कॅन करून त्याच दिवशी परत द्या.

जे फोटो कुठेच सापडणार नाहीत तेवढेच वर्डमधून काढा. डॉक्सएक्स फाइल मुळात झिपच असते. फोटो असलेल्या मूळ फाइलची आणखी एक प्रत करून तिचं एक्स्टेंशन बदलून झिप करा, उघडा, आत वर्ड नावाचा फोल्डर आणि त्यात मीडिया. त्या फाइलमध्ये शिल्लक असलेली चित्रं तिथे जशीच्या तशी मिळतात. राइट क्लिक करून सेव्ह ॲज पिक्चर करण्यापेक्षा ही वाट बरी, कारण तिकडे अनेकदा आणखी लहान झालेली प्रत हाती येते. मीडियात फाइलची नावं इमेज१, इमेज२ अशी असतात. तो क्रम मजकुराच्या क्रमाशी जुळेलच असं नाही, आणि एकच फोटो दोनदा वापरला असेल तर एकदाच दिसतो. म्हणून पीडीएफशी डोळ्यांनी ताडून बघा. फाइल जुनी डॉक असेल तर आधी डॉक्सएक्स म्हणून सेव्ह करा. वर्डमध्येच केलेला एखादा आलेख असेल तर तो मीडियात सापडणार नाही, त्याची पीडीएफ काढून ती प्लेस करा.

पानं लावताना मी दोन प्रकार करतो. माणसांचे छोटे फोटो मजकुरात अँकर करतो, म्हणजे मजकुरासोबत सरकतील असे बांधतो, कारण नाव आणि चेहरा एकमेकांपासून सुटायला नको. पूर्ण रुंदीचे फोटो मात्र दुसरं प्रूफ तपासून आल्यावरच पानाच्या वर किंवा खाली मोकळे बसवतो, तोवर मजकूर हलतच असतो. बसवल्यावर लिंक्स पॅनेलमध्ये इफेक्टिव्ह पीपीआय बघा. ॲक्च्युअलचा आकडा फसवतो, फोटो ओढून मोठा केला तरी तो तसाच राहतो.

आतली पानं एका रंगात छापणार असाल तर प्रत्येक फोटो ग्रेस्केल करूनच द्या. रंगीत राहिला तर तो चार प्लेटांत वाटला जातो, आणि फक्त काळी प्लेट छापली की चेहरे फिके पडतात. पुस्तकांचा साधा मॅपलिथो कागद शाई शोषतो, त्यामुळे सावलीतला भाग थोडा उजळून ठेवा. दंडारीचे आणि मंडईचे रंगीत फोटो मात्र ग्रेस्केल करू नका. त्यांचा ८ पानांचा, गुळगुळीत आर्ट पेपरचा वेगळा फॉर्म (एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच) घ्या आणि मजकुरात तिथे ‘रंगीत पाने पाहा’ एवढंच टाका. तो फॉर्म पुस्तकात नेमका कुठे शिवला जाईल हे पानांचे क्रमांक टाकण्याआधी बाइंडिंगवाल्याला विचारून घ्या. प्रेसला देताना पीडीएफसोबत पॅकेज केलेला, म्हणजे फाइल, फोटो आणि फॉन्ट एकत्र असलेला फोल्डरही द्या.

४४० पिक्सेलचा तो तलावाचा फोटो दुसरीकडे मिळालाच नाही तर तो दीड इंचातच छापा आणि शेजारी आजच्या पाळीचा नवा फोटो पूर्ण रुंदीत लावा. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो, मंडईआधी हा फोटो काढून होईल.