पेनड्राइव्ह सुरू होतो, मग सर्व्हर का सापडत नाही?

प्रश्न : आमच्याकडच्या साठ संगणकांवर विंडोज ११ टाकायचं आहे. मी विंडोज पीईचा (इन्स्टॉलेशनसाठीच्या छोट्या विंडोजचा) बूटेबल पेनड्राइव्ह बनवला, इमेज, म्हणजे विंडोजची एका फाइलीतली तयार प्रत, सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली. जुन्या चाळीस मशिनवर काम सुरळीत झालं. नव्या वीस मशिनवर पेनड्राइव्ह बूट होतो, काळी खिडकी येते, पण सर्व्हरचा फोल्डर जोडायला नेट यूज ही आज्ञा दिली की 'सिस्टिम एरर ५३', म्हणजे नेटवर्कची वाट सापडली नाही. याच मशिनवर आधीपासून असलेल्या विंडोजमध्ये नेट छान चालतं. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, पेनड्राइव्ह तीनदा नव्याने बनवला. आता काय करू?

उत्तर : चौथ्यांदा बनवू नका. पेनड्राइव्हचं काम मशीन सुरू करून देणं, ते त्याने केलं आहे. अडलंय ते त्याच्या पोटातल्या बूट डॉट विम या फाइलमध्ये, म्हणजे विंडोज पीई जिच्यातून चालते त्या बूट इमेजमध्ये.

विंडोज पीई ही स्वतंत्र, छोटी विंडोज आहे. ती पेनड्राइव्हवरून उचलून रॅममध्ये ठेवली जाते आणि तिथे एक्स ड्राइव्ह म्हणून चालते. डिस्कवरच्या विंडोजमध्ये कुठले ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणाऱ्या फाइली) आहेत, याचा तिला पत्ताच नसतो. म्हणून 'विंडोजमध्ये नेट चालतं' हा पुरावा इथे उपयोगाचा नाही. मीही एकदा त्याच पुराव्यावर विसंबून अख्खी दुपार स्विचशी भांडलो होतो.

त्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही नेटवर्कचे पत्ते दाखवणारी आज्ञा द्या आणि नीट वाचा. नेटवर्क कार्डाचं नावच दिसलं नाही, तर ड्रायव्हर नाही. तुमच्या बाबतीत माझी पैज यावरच. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कार्ड जिवंत आहे पण पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही. अशा वेळी स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (केबलींचं वेटोळं होऊ न देणारी सोय) बघा. जुन्या पद्धतीच्या सेटिंगमध्ये केबल जोडल्यावर पोर्ट खुला व्हायला तीसेक सेकंद लागतात, तोवर विचारणा वाया जाते. पत्ता व्यवस्थित असेल, तर सर्व्हरला नावाऐवजी आयपी पत्त्याने पिंग करून, म्हणजे हाक मारून बघा, म्हणजे गोंधळ नावाचा आहे की वाटेचा ते कळेल.

ड्रायव्हरच नसेल तर आधी चालत्या विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाचा हार्डवेअर आयडी उतरवून घ्या. त्या आयडीचा ६४-बिट ड्रायव्हर उत्पादकाकडून मिळवा. सेटअपची एक्झी फाइल इथे चालत नाही. ती उलगडून आतली आयएनएफ (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी फाइल) आणि तिच्या सोबतच्या फाइली हव्यात. त्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि मशीन विंडोज पीईत असतानाच ड्रव्हलोड या ड्रायव्हर चढवणाऱ्या आज्ञेला आयएनएफचा पूर्ण पाथ द्या. मिनिटभर थांबून पुन्हा आयपीकॉन्फिग. पत्ता आला, तर निदान पक्कं. ही दोन मिनिटांची चाचणी सोडून लोक थेट बूट इमेज बांधायला बसतात आणि चुकीचा ड्रायव्हर घालून अर्धा दिवस घालवतात.

मग तुमच्या कामाच्या संगणकावर डिझम या इमेज हाताळणाऱ्या विंडोजच्या साधनाने बूट डॉट विम माउंट करा, म्हणजे फोल्डरसारखी उघडा, ॲड-ड्रायव्हरने तोच ड्रायव्हर घाला आणि अनमाउंट करताना कमिट लिहा. चुकून डिस्कार्ड लिहिलंत, तर सगळे बदल बिनबोभाट पुसले जातात. (होय, केलं आहे.) बूट इमेजमध्ये फक्त नेटवर्क आणि डिस्क कंट्रोलरचे ड्रायव्हर घाला. आवाज आणि ग्राफिक्स तिथे भरून तिला लठ्ठ करू नका. उलट हेही विसरू नका की बूट इमेजमध्ये घातलेला ड्रायव्हर इन्स्टॉल होणाऱ्या विंडोजमध्ये आपोआप जात नाही. तो तिथे वेगळा द्यावा लागतो.

नेट मिळाल्यावर नव्या मशिनवर पुढचा अडथळा बहुधा डिस्कचा. डिस्कपार्ट या डिस्कच्या साधनात लिस्ट डिस्क दिल्यावर फक्त पेनड्राइव्ह दिसला, तर बहुधा इंटेलच्या व्हीएमडी या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर कमी आहे, औषध तेच. आणि डिस्क पुसणारं क्लीन देण्याआधी आकार वाचा. डिस्क शून्य म्हणजे आतलीच डिस्क, असं समजून मी एकदा क्लीन दिलं आणि पेनड्राइव्हच कोरा केला. गंमत म्हणजे विंडोज पीई चालतच राहिली, कारण ती रॅममध्ये होती. त्याच कारणाने, इमेज आणि स्क्रिप्ट सर्व्हरवर असतील तर खिडकी आल्यावर पेनड्राइव्ह काढून पुढच्या मशिनला लावता येतो. वीस मशिनला वीस पेनड्राइव्ह नकोत.

प्रश्न : पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, तरी पाच जीबीची इन्स्टॉल डॉट विम (विंडोजची मुख्य इमेज) त्यावर जात नाही. खराब झाला का?

उत्तर : नाही. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या आतच बसते. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीचा केलात तर फाइल बसेल, पण यूईएफआयला (मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरला) हमखास वाचता येतं ते फॅट, त्यामुळे काही मशीन बूटच होणार नाहीत. डिझमच्या स्प्लिट-इमेजने ३८०० एमबीचे तुकडे करा. इन्स्टॉल डॉट एसडब्ल्यूएम नावाचे ते तुकडे सोर्सेस फोल्डरमध्ये ठेवले आणि मूळ विम तिथून काढली, की विंडोज सेटअप ते स्वतः जोडून घेतो.

प्रश्न : पेनड्राइव्हची कटकट नको म्हणून पीएक्सईवर (नेटवर्कवरून बूट करण्यावर) गेलो, तर ड्रायव्हरचा त्रास संपेल का?

उत्तर : पेनड्राइव्ह संपेल, त्रास नाही. पीएक्सई नेटवर्कवरून पाठवतो तीही बूट डॉट विमच. ती खाली उतरवताना मशीनचं फर्मवेअर स्वतःचा नेटवर्क ड्रायव्हर वापरतं, म्हणून उतरते झकास. नंतर विंडोज पीई ताबा घेते आणि तिच्याकडे त्या कार्डाचा ड्रायव्हर नसतो. नेटवर्कवरूनच आलेली विंडोज पीई 'नेटवर्क नाही' म्हणते तेव्हा माणूस चक्रावतो. तेव्हा आधी बूट इमेज पेनड्राइव्हवर नव्या मॉडेलच्या एका मशिनवर चालवून बघा, मगच सर्व्हरवर चढवा. शिवाय मशीन वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असतील, तर राउटरवर हाक पुढे पोचवणारा डीएचसीपी रिले लागेल, कारण पीएक्सईची पहिली हाक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना मारलेली, असते आणि ती राउटर ओलांडत नाही.