लॉगिनच्या पडद्यावर गणपती का येत नाही?

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलंय, सिनॅमन डेस्कटॉपवालं. आमच्या घरच्या गणपतीचा फोटो लॉगिन स्क्रीनला लावायचा होता, सेटिंगमध्ये निवडला, तिथे छान दिसतोही, पण लॅपटॉप चालू केला की परत तेच कंपनीचं चित्र. चार वेळा रिस्टार्ट केलं. काय चुकतंय? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : तुमचं काहीच चुकत नाहीये ताई, फोटो चुकीच्या घरात ठेवलाय एवढंच. लॉगिन स्क्रीन दिसते तेव्हा तुम्ही अजून आत आलेलाच नसता, ती स्क्रीन चालवतो लाइटडीएम नावाचा प्रोग्राम, आणि तो तुमच्या नावाने नाही तर स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतो. तुमचा फोटो असणार होम फोल्डरच्या पिक्चर्समध्ये. पूर्वी हे चालून जायचं, पण उबंटू या दुसऱ्या लिनक्सने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या युजरचं होम फोल्डर बाकीच्यांना बंद करून टाकलं आणि मिंट त्याच उबंटूवर उभं आहे, त्यामुळे बिचाऱ्या लाइटडीएमला तुमचा गणपती दिसतच नाही आणि तो गुपचूप स्वतःकडचं चित्र लावतो. एरर वगैरे काही देत नाही, हीच तर कटकट आहे.

मग करायचं असं, फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला फाइल सिस्टिम म्हणून आहे तिथे जा, यूएसआर, त्यात शेअर, त्यात बॅकग्राउंड्स. मोकळ्या जागेत राइट क्लिक करून 'ओपन ॲज रूट' (म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने उघडा) म्हणा, पासवर्ड द्या, आणि फोटो तिथे पेस्ट करा. मग त्या फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये परमिशन्सला जाऊन 'अदर्स' समोर रीड-ओन्ली आहे ना ते बघा, तिथे 'नन' असेल तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता मेन्यूतून ॲडमिनिस्ट्रेशनमधलं 'लॉगिन विंडो' उघडा आणि बॅकग्राउंड म्हणून हा नवा फोटो निवडा, जुना नाही.

अजून एक. त्याच पानावर 'ड्रॉ युजर बॅकग्राउंड्स' नावाचं बटण आहे, ते बंद करा. ते चालू असलं की गणपती क्षणभर दिसतो आणि लगेच तुमचा डेस्कटॉपचा वॉलपेपर त्याच्यावर येऊन बसतो, मग लोक म्हणतात दिसला होता हो, गेला कुठे!

आणि दर वेळी रिस्टार्ट कशाला करताय, नुसतं लॉग आउट केलं तरी दिसतं. फक्त स्क्रीन लॉक करून तपासू नका, लॉकचा पडदा हा वेगळाच प्रोग्राम आहे, त्याला या सेटिंगशी काही देणंघेणं नाही.

प्रश्न : माझ्या मिंटवर पासवर्ड बरोबर टाकला तरी चूक म्हणतं. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड टाकलेला आहे. (वाचक, लातूर)

उत्तर : तुम्ही पासवर्ड मराठीत टाइप करताय! ठिपकेच दिसतात त्यामुळे कळत नाही, पण इनस्क्रिप्टमध्ये एम दाबलं की 'स' उमटतो. वरच्या पट्टीत कीबोर्डची खूण असेल, तिथून इंग्रजी निवडा आणि आत शिरा. खूण नसेल तर 'लॉगिन विंडो'च्या सेटिंग्ज टॅबमध्ये कीबोर्ड लेआउट चालू करा, आणि तिथेच ॲक्टिव्हेट नमलॉक पण आहे, पासवर्डमध्ये आकडे असतील आणि ते उजवीकडच्या कीपॅडवरून मारायची सवय असेल तर तेही करून टाका (नमलॉकएक्स नावाचं छोटं पॅकेज लागतं, नसेल तर बटण चालत नाही). हे दर वेळी होत असेल तर आख्ख्या मशीनचा पहिला कीबोर्डच मराठी झालेला असणार. तुमच्या डेस्कटॉपवर कितीही बदललं तरी ते फक्त तुम्ही आत आल्यानंतरचं, दारात सिस्टिमचा क्रम चालतो. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात कीबोर्ड नावाची फाइल आहे, तीही ओपन ॲज रूट करूनच उघडा, लेआउटच्या ओळीत यूएस आधी आणि मराठीचं नंतर करा.

प्रश्न : दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळ्यांची नावं लॉगिनला दिसतात, ती लपवावीत की सरळ ऑटोमॅटिक लॉगिन करावं? (वाचक, चिपळूण)

उत्तर : ऑटोमॅटिक दुकानात नको, गिऱ्हाईक काउंटरवर वाकून बघत असतं. शिवाय पासवर्ड टाकलाच नाही तर कीरिंगचं (सेव्ह केलेले पासवर्ड ठेवायच्या पेटीचं) कुलूपही उघडत नाही, मग ब्राउझर उघडला की तोच पासवर्ड मागतो, म्हणजे काम वाचलं कुठे. काही जण कीरिंगचा पासवर्डच रिकामा करतात, त्यात सेव्ह केलेले सगळे पासवर्ड उघड्यावर येतात, तसं करू नका.

नावं लपवा, 'लॉगिन विंडो'च्या युजर्स टॅबमध्ये 'हाइड द युजर लिस्ट' आहे. पण त्याआधी प्रत्येकाचं खरं युजरनेम वहीत लिहून ठेवा. मी माझ्या मेव्हण्याच्या मशीनवर हे करून घरी आलो, सकाळी फोन, 'अरे आत जाता येईना'. त्याला स्क्रीनवर कायम 'आबा' दिसायचं, तो तेच टाकत होता, आणि खरं युजरनेम मीच कधीतरी इंग्रजी छोट्या अक्षरांत 'दुकान१' ठेवलेलं, जे मलाही आठवेना. शेवटी पोरांपैकी कुणीतरी मागे कधीतरी टर्मिनल उघडलेल्या स्क्रीनचा फोटो मोबाइलमध्ये काढलेला सापडला, त्यात ॲटच्या (@) खुणेआधी ते युजरनेम होतं.